भावाच्या रिपोर्टमध्ये सीआरबी-१ जीन आलाय, ही 'सेल पोलॅरिटी' काय भानगड आहे? आणि माझ्या लग्नाचं काय करायचं?

सुरंगी_हर्णै:

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही हर्णैचे, बाबांची बोट आहे. भाऊ २२ वर्षांचा. लहान होता तेव्हापासून तिन्हीसांजेनंतर कुठेतरी धडपडायचाच, उंबऱ्याला ठेच, मांजरावर पाय, ताटलीतला तांब्या लवंडला, आणि घरात सगळे म्हणायचे की हा धांदरट आहे, मीपण म्हणायचे, खोटं कशाला बोलू. गेल्या मोसमात दिवस बुडता बुडता लिलावासाठी होडीतून मासळीची टोपली घेऊन उतरला आणि पाण्यात बैलगाडी उभी होती ती त्याला दिसलीच नाही, जू सरळ छातीत बसलं. टोपली पाण्यात, सुरमया पाण्यात, आणि बाबा सगळ्या बंदरासमोर त्याला जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, मला बैल दिसला, गाडी नाही दिसली." तेव्हा कुठे आमचं डोकं चाललं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की आरपी आहे, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. मग मुंबईला नेला, तिथे डोळ्याचे सतरा फोटो काढले, रक्त घेतलं, दीड महिन्याने जेनेटिक रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय जीन सीआरबी-१, होमोझायगस, पॅथोजेनिक म्हणजे आजार करणारा, एका ठिकाणी सिस्टीनच्या जागी टायरोसिन आलंय, आणि खाली बारीक अक्षरात की हे प्रोटीन सेल पोलॅरिटीमध्ये काम करतं. ज्यांनी समजावून सांगायचं त्यांनी तीन मिनिटांत फाईल मिटली, बाहेर चाळीस माणसं बसली होती, त्यांचंही काय चुकलं म्हणा.

आता घरात काय चाललंय बघा. बाबांना पोलॅरिटी म्हटल्यावर बॅटरीचं प्लस-मायनस आठवलं, ते म्हणतात मोबाईल उशाशी ठेवतो म्हणून झालं. चुलतभावाने सर्च मारला, त्याला कुठेतरी पोलॅरिटी बिघडली की कॅन्सर होतो असं दिसलं, त्याने ते आईसमोर वाचून दाखवलं (शहाणा!). आई रोज सकाळी भावाला मुशीच्या (शार्क माशाच्या) काळजाचं तेल चमचाभर पाजते, नाक धरून.

आणि माझं. माझी आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आता आत्याने तिच्या मुलासाठी मला मागणी घातलीय, मुलगा चांगला आहे, मलाही आवडतो, उगाच कशाला लपवू. मला रात्री स्वच्छ दिसतं, मी २६ ची आहे. पण हे रक्तात असतं म्हणतात तर मी काय करू? कुणाला माहिती असेल तर साध्या भाषेत सांगा, प्लीज.

निवटी:

ताई, मी रत्नागिरीची, काही वर्षं लॅबमध्ये काम केलंय, डॉक्टर नाही. पोलॅरिटीचं तेवढं मी सांगते, बाकीचं दुसरे सांगतील.

प्लस-मायनसशी काही संबंध नाही, मोबाईलशी तर मुळीच नाही. आपलं कौलारू घर डोळ्यासमोर आणा. कौलाला वरची बाजू असते, खालची असते, खालून रीपेला अडकायला खुंटी असते, कडेला खाच असते ती शेजारच्या कौलात बसते. मे महिन्यात शाकारणीला माणूस वर चढतो आणि एखादं कौल उलटं किंवा सरकलेलं ठेवून उतरतो, तेव्हा कळत नाही, जूनमध्ये बरोबर जेवणाच्या ताटात धार लागते तेव्हा कळतं. कौल फुटलेलं नसतं हां, नुसतं त्याची बाजू आणि त्याची जागा चुकलेली असते. पेशीचंही तेच. आतड्यातल्या पेशीची एक बाजू अन्नाकडे असते, ती साखर आत ओढते, दुसरी बाजू रक्ताकडे, ती पुढे ढकलते. ही बाजू वरची आणि ती खालची हे पेशीला कळावं लागतं, ते कळणं म्हणजे पोलॅरिटी. सीआरबी-१ हे "इकडे वर" अशी पाटी धरून उभ्या राहणाऱ्या प्रोटीनांपैकी एक.

नाव कुठून आलं ते ऐका, मला हा भाग फार आवडतो. सीआरबी म्हणजे क्रम्ब्स, म्हणजे चुरा. फळांवर घोंगावणारी बारीक माशी असते ना, फणस कापला की येते ती, तिच्यातले जीन एकेक बिघडवून गर्भाचं काय होतं हे जर्मनीत न्युसलाईन-फोलहार्ड आणि विशाउस या दोघांनी बघितलं, त्याला १९९५ चं नोबेल मिळालं. त्यात एक जीन असा निघाला की तो नसला तर गर्भाची कातडी अखंड बनतच नाही, नुसते तुकडे तुकडे, ताटात भाकरीचा चुरा उरतो तसे. म्हणून क्रम्ब्स. १९९० मध्ये कळलं की त्याचं प्रोटीन पेशीची वरची बाजू ठरवतं. मग १९९९ ला नेदरलँड्समधल्या लोकांना त्याचं माणसातलं भावंड सापडलं, आणि ते सापडलं आरपीच्याच पेशंटांमध्ये, तुमच्या भावाला आहे तशाच. म्हणजे माशीच्या कातडीचा जीन शोधता शोधता माणसाच्या डोळ्याचा आजार हाती लागला. तेव्हा माश्यांवर सरकारी पैसा कशाला घालवता असं कुणी विचारलं की मी हे ऐकवते.

आता डोळ्यात काय होतं. पडद्यात म्हणजे रेटिनात उजेड पकडणाऱ्या पेशी दाटीने उभ्या असतात, रॉड आणि कोन. रॉड अंधारासाठी, कोन उजेडात आणि रंगांसाठी. प्रत्येकीच्या टोकाला उजेड पकडणाऱ्या चकत्यांची चळत असते, तिथलीच बाजू "वरची". या पेशींच्या मधे म्युलर नावाच्या आधार देणाऱ्या पेशी असतात, आणि सगळ्या मिळून एकमेकींच्या कमरेला कमर बांधून एक ओळ धरतात. सीआरबी-१ त्या गाठींच्या लगेच वर बसतं. १४०६ अमिनो आम्लांची (प्रोटीन ज्या मण्यांचं बनतं ते मणी) लांब साखळी आहे ती, जवळजवळ सगळी पेशीच्या बाहेर, आतलं शेपूट फक्त ३७ चं, पण तेवढ्या शेपटाला आत पाल्स-१ आणि पॅटजे नावाची प्रोटीनं धरून असतात, ती सुटली की ओळ सैल पडते. बाहेरच्या भागात बऱ्याच घड्या आहेत, घडी घट्ट राहायला सिस्टीन नावाच्या मण्यांच्या जोड्या गाठीसारख्या लागतात. तुम्ही लिहिलंत सिस्टीन जाऊन टायरोसिन आलंय, म्हणजे गाठीचं एक टोकच गेलं असं समजा. एक अक्षर चुकलं पण घडी उलगडली.

या जीनमधला बिघाड असलेले उंदीर आहेत, त्यांच्या पडद्यात ती ओळ जिथे तुटते तिथे पेशी वळकटीसारख्या गोळा होतात. गंमत म्हणजे २०१२ मध्ये लक्षात आलं की जगभर विकत मिळणाऱ्या उंदरांच्या एका नेहमीच्या जातीत हा बिघाड आधीपासून गुपचूप होताच, म्हणजे लोक भलत्याच जीनचा अभ्यास करत होते आणि डोळ्यात दिसत होतं ते याचंच. त्या वेळी काही जणांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

कॅन्सरचं: पोलॅरिटीची माणसं म्हणजे प्रोटीनं बरीच आहेत, त्यातली काही बिघडली की कॅन्सरच्या गाठींशी संबंध येतो हे खरं, पण सीआरबी-१ मधल्या या आजाराचं दुखणं डोळ्यातच राहतं. बाकी अंगात हे काम त्याची भावंडं करतात, सीआरबी-२ मूत्रपिंडात, सीआरबी-३ इतर ठिकाणी. तुमच्या चुलतभावाला सांगा की एका आडनावाचे सगळे एकाच घरचे नसतात.

काळोखात_काठी:

बाय गो, घाबरू नको. मी मालवणचा, वय ४१, मलापण आरपी आहे, जीन वेगळा, पण रस्ता तोच. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मालवणी आवरून लिहितो.

आधी तुझ्या भावाला एकदा सॉरी म्हण. मस्करी नाही करत. मला शाळेत दशावताराला नेलं की परत येताना मी मुद्दाम सगळ्यात मागे राहायचो, पुढच्याच्या पांढऱ्या लेंग्याकडे बघत चालायचो, तो वळला की मी वळायचो, आणि कुणाला सांगायचो नाही कारण सांगितलं तर हसतील. एकदा पुढच्याने बांधावरून उडी मारली, मी मारली नाही. गुडघ्यावर खूण आहे अजून.

मुशीच्या तेलाचं. आमच्या घरातही झालं. तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं हे खरं आणि ज्याला त्याची कमतरता आहे त्याचा रातांधळेपणा त्याने जातोही, म्हणून म्हाताऱ्यांचं ते औषध खोटं नव्हतं. पण आरपीत चूल मोडलेली आहे, लाकडं कमी नाहीयेत. लाकडं घालून काय होणार? उलट हे जीवनसत्त्व लघवीवाटे जात नाही, लिव्हरमध्ये साठतं, जास्त झालं की त्रास देतं, आणि दिवस असलेल्या बाईने तर भरमसाठ घ्यायचंच नाही, पोटातल्या बाळाला धोका. आईला दुखवू नको पण डॉक्टरांना विचारेपर्यंत बाटली बंद कर.

भावाच्या बाबतीत विचारून घ्यायच्या गोष्टी सांगतो. आमच्या ग्रुपवर सीआरबी-१ ची दोन माणसं आहेत, त्यांच्या डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलेली. या जीनच्या आरपीत पडद्याच्या मधल्या भागात पाणी धरून सूज येऊ शकते, ती ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याच्या थरांचा फोटो) दिसते, तिच्यावर थेंब किंवा गोळ्या देऊन बघतात, म्हणजे निदान हा एक भाग तरी हाताळता येतो. दुसरं, काही जणांच्या रक्तवाहिन्या गळायला लागतात, त्याला लेझर वगैरे करावं लागतं, वेळेत गेलं पाहिजे. म्हणून वर्षातून एकदा रेटिनावाल्याकडे जायचंच, बरं होणार नाही म्हणून जायचं नाही असं करू नका, मी तसं करून सहा वर्षं फुकट घालवली. अजून एक, यांच्यात प्लसचा नंबर असतो बऱ्याचदा, चष्मा नीट तपासून घ्या, चष्म्याने जेवढं दिसतं तेवढं कशाला सोडायचं.

बोटीवर रात्रीचं डेकवर काम नको. तांडेल (बोटीचा मुख्य) कितीही घरचा असला तरी नको. आणि अपंगत्वाच्या दाखल्याला लाजू नका, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. नुसती अक्षरं वाचता येतात का एवढंच बघत नाहीत, नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी असला तरी कायद्यात लो व्हिजन धरतात, आणि ४० टक्क्यांचा दाखला मिळाला की सवलती लागू होतात. बाबांना हे पचायला वेळ लागेल. माझ्या वडिलांना चार वर्षं लागली.

आणि स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, नजर परत आणतो, असं सांगणारा कुणी भेटेल, भेटतोच. मी एका ठिकाणी एक लाख ऐंशी हजार घालून आलोय, आंब्याच्या एका सबंध मोसमाचे पैसे होते. काही झालं नाही. बास.

फणसाचे_गरे:

आमच्याकडे चार पिढ्या आते-मामे भावंडांत लग्नं झाली, एकाचाही डोळा गेला नाही. हे सगळं रिपोर्टवाल्यांचं धंदा वाढवणं आहे. मुलगा चांगला आहे ना, मग करा लग्न.

हिशेबनीस:

@फणसाचे_गरे, तुमच्या घराण्यात हा बिघडलेला जीन नसेल तर चाळीस पिढ्या लग्नं करा, काही होणार नाही. यांच्याकडे तो आहे, कागदावर आहे. हा फरक आहे. नात्यातलं लग्न बिघाड तयार करत नाही, लपलेल्या दोन बिघाडांची गाठ घालून देतं.

सुरंगी ताई, मी गणित शिकवतो, आमच्या नात्यात थॅलेसेमिया (असाच आई-बाबांकडून उतरणारा रक्ताचा आजार) निघाला तेव्हा हे सगळं जेनेटिक काउन्सिलरकडे, म्हणजे असे आजार समजावून सांगणाऱ्या सल्लागाराकडे, बसून शिकलो. पाटीवर लिहावं तसं सांगतो.

प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बाबांची. हा आजार दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो, एकच बिघडली तर माणूस ठणठणीत, त्याला वाहक म्हणायचं. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही. भावाच्या रिपोर्टमध्ये होमोझायगस आहे म्हणजे दोन्हीकडून अगदी तीच चूक आलीय. तुमची आजी म्हणजे बाबांची आई, आणि तुमच्या आईचे वडील, हे सख्खे बहीण-भाऊ ना? मग ती चूक बहुधा त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून दोन्ही फांद्यांत उतरली आणि तुमच्या भावात येऊन भेटली. कुणाचा दोष नाही, पणजीला कुणी रिपोर्ट काढून दिला होता?

आता तुम्ही. आई-बाबा दोघे वाहक, तर प्रत्येक मुलाला चारातला एक भाग आजार, दोन भाग वाहक, एक भाग काहीच नाही. तुम्हाला आजार नाही हे दिसतंय, म्हणून तो भाग पुसून टाका. उरले तीन, त्यातले दोन वाहकाचे. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, तीनात दोन. इथे बहुतेक जण चुकतात, मीपण चुकलो होतो.

आत्या बाबांची सख्खी बहीण, बाबांना चूक आजीकडून आली असं धरलं तर आत्याला आलेली असण्याची शक्यता निम्मी. तिच्या मुलाला त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. दोघेही वाहक निघालात तर प्रत्येक मुलाला परत चारात एक. सगळ्यांचा गुणाकार करा, दोन तृतीयांश गुणिले पाव गुणिले पाव, उत्तर येतं २४ मध्ये १. शंभरात चार. नात्याबाहेरचा मुलगा असता तर हाच आकडा खूपच खाली गेला असता, कारण बाहेरच्यात नेमका याच जीनचा वाहक भेटणं कठीण. आरपी सगळे जीन मिळून धरला तरी जगात साधारण ४,००० माणसांत एकाला असतो, आणि सीआरबी-१ हा त्यातला एक छोटा वाटा.

पण मी हे गणित मांडलं ते तुम्ही यावर निर्णय घ्यावा म्हणून नाही. अंदाज कशाला करायचा, बघता येतं की. भावाची नेमकी चूक माहीत आहे, तर तुमची आणि त्या मुलाची तेवढी एकच जागा तपासायची, सगळे जीन परत वाचायची गरज नाही, त्यामुळे खर्चही पूर्ण टेस्टपेक्षा बराच कमी. तुमच्यात ती चूक नसेल तर विषयच संपला. तुमच्यात आहे, त्याच्यात नाही, तरीही मूल फार तर वाहक होईल. दोघांत निघाली तरच विचार करायचा, आणि तेव्हाही लग्न मोडा असं कुणी सांगत नाही, गर्भाची तपासणी वगैरे पर्याय असतात, ते काउन्सिलर नीट सांगतील. त्याआधी आई-बाबांचीही तीच जागा तपासून घ्या, म्हणजे दोघांकडून एकेक आलीय हे पक्कं होईल.

आत्याशी बोलताना मात्र "तुझ्या मुलात दोष आहे का बघायचंय" असं नका म्हणू हो. "माझं रक्त तपासायचंय, त्याचंही बरोबरच करूया" म्हणा.

सुरंगी_हर्णै:

बापरे, एवढं सगळं. मी कालपासून तीनदा वाचलं.

निवटी ताई, कौलाचं उदाहरण मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं, आमच्या पडवीची कौलं गेल्या वर्षीच कुणीतरी चुकीची बसवली होती त्यामुळे त्यांना लगेच कळलं, मोबाईलचं नाव परत काढलं नाही. मी व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड बघितला होता की आरपीची जीन थेरपी आलीय म्हणून, ती याला चालेल का? काकाने पाठवलाय आणि आईने लगेच देवाला नारळ बोलून ठेवलाय.

निवटी:

ती आरपीई-६५ नावाच्या दुसऱ्या जीनची आहे ताई, अमेरिकेत डिसेंबर २०१७ ला मंजूर झाली, तेव्हा दोन डोळ्यांचे साडेआठ लाख डॉलर होते. तुमच्या भावाचा बिघाड वेगळ्या जीनमध्ये आहे, तिथे ती लागू नाही, नांगराचा फाळ शिवणयंत्राला लावून चालत नाही. सीआरबी-१ वर काम चालू आहे पण एक साधी अडचण सांगते. चांगला जीन डोळ्यात पोचवायला जो निरुपद्रवी विषाणू वापरतात त्याचं पोतं लहान आहे, जीनच्या मजकुराची साधारण ४,७०० अक्षरं मावतात. सीआरबी-१ चा नुसता मजकूर ४,२०० च्या आसपास, वर तो कुठल्या पेशीत चालू व्हायचा हे सांगणारी सूचना कोंबायची असते. हापूसच्या पेटीत एक डझन जास्तीचे बसवायला गेलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तो पोचवायचा कुठे, रॉडमध्ये की म्युलरमध्ये, यावरही खल आहे, कारण २०२० मध्ये याच जीनची दुसरी आवृत्ती समोर आली, उजेड पकडणाऱ्या पेशींत तीच जास्त असते. रिपोर्ट मात्र जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, साधी झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो. उद्या काही ट्रायल निघाली तर पहिला प्रश्न तोच असतो, जीन कुठला.

आईंचा नारळ राहू दे, नारळाने कुणाचं काही बिघडत नाही.

सुरंगी_हर्णै:

ठीक. आत्याला काल फोन केला, हिशेबनीस सरांनी सांगितलं तसंच बोलले. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली तुझे बाबा तर लहानपणी असे धडपडत नव्हते गं, म्हटलं वाहकाला काही होत नसतं. मग तिने फोन मुलाकडे दिला आणि तो म्हणाला, कधी जायचं सांग, मी सुट्टी टाकतो. पुढच्या मंगळवारी आम्ही चौघं जातोय, आई, बाबा, मी आणि तो. भाऊ म्हणतो मी येत नाही, माझं झालंय, तो सध्या दिवसाउजेडी अंगणात बसून जाळी सांधतो आणि खरं सांगायचं तर बाबांपेक्षा बारीक सांधतो, मधलं त्याला अजून छान दिसतं.

काठीवाले दादा, सॉरी म्हटलं त्याला. त्याने विचारलं कशाबद्दल, मी म्हटलं मांजराबद्दल. हसला.

एकच विचारायचं राहिलं, रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असतं का? दापोलीहून पहाटेची गाडी आहे आणि बाबांना चहाशिवाय गाडी लागते.

हिशेबनीस:

नाही, या टेस्टला उपाशी राहायची गरज नाही. चहा पिऊन जा. भावाच्या रिपोर्टची कॉपी विसरू नका, तेवढी जागा कुठली ती त्यांना त्यातूनच कळणार.